कधी सजा झाली होती काय?

कारंज्याच्या स्टेशनापलीकडे कापसाची एक बंद पडलेली जिन होती. लढाईच्या चौथ्या वर्षी सरकारनं ती ताब्यात घेतली, भोवती काटेरी तारेचं दुहेरी कुंपण ठोकलं आणि आत लष्कराचं पेट्रोल अन् सुरुंगाची दारू आणून भरली. मूर्तिजापूरहून येणाऱ्या छोट्या गाडीतून ड्रम उतरायचे. हमाल ते फळ्यांवरून गडगडवत तारेच्या दारापर्यंत न्यायचे आणि तिथून पुढं आतली माणसं ताब्यात घ्यायची. हमालानं तारेच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूमच होता. जानराव त्या हमालांपैकी एक. पस्तिशी ओलांडलेला, बुटका, छातीनं रुंद, आणि बोलणं इतकं कमी की बाकीचे हमाल त्याला मुकाच म्हणायचे.

चैत्रातल्या एका दुपारी हमाल बाभळीच्या सावलीत आडवे झाले होते. तेवढ्यात तीन अनोळखी माणसांनी फळ्यांवरचा एक ड्रम हळूच वळवला आणि आडोशाला उभ्या केलेल्या बैलगाडीकडे न्यायला सुरुवात केली. जानरावनं ते पाहिलं. त्यानं हाक मारली नाही, कोणाला उठवलं नाही. तो सरळ चालत गेला आणि पहिल्याला मागून कमरेत धरून त्यानं ड्रमवर तोंडघशी आपटलं. दुसऱ्यानं सुरा काढला आणि जानरावच्या डाव्या दंडात खुपसला. जानरावनं सुरा दंडातच राहू दिला, त्या माणसाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज सावलीतल्या हमालांनी ऐकला, मग किंकाळी ऐकली, तेव्हा कुठं ते उठले. तिसरा माणूस बैलगाडी तिथंच टाकून पळाला.

डेपोचा कप्तान जमशेदसाहेब पारशी होता, नागपुरात वाढलेला, त्यामुळं मराठी चांगली बोले. तो धावत आला तेव्हा जानराव ड्रमवर बसून स्वतःच दंडातला सुरा उपसत होता.

"हा माणूस बाहेर हमाली का करतोय?" साहेबानं जमादाराला विचारलं. "याला आत घ्या."

जमादार रऊफ खान पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला. एक कान तिकडंच ठेवून आलेला. त्यानं सलाम ठोकला, पण आत घेणं इतकं सोपं नव्हतं. ज्याच्या हाती बंदूक आणि दारूच्या कोठाराची चावी द्यायची, त्याचा चालचलनीचा कागद लागे. कागद भरून त्याच्या गावच्या ठाण्यात जाई, ठाणेदार तपास करी, उत्तर लिही, आणि ते उत्तर साहेबाच्या टेबलावर आलं की मगच माणूस पक्का होई. तोवर तात्पुरता.

जानरावला अक्षर येत नव्हतं. रऊफ खाननंच कागद पुढ्यात घेतला. नाव, बापाचं नाव, जात, गाव आसेगाव, तालुका मंगरूळ. मग तो थांबला आणि वाचून दाखवलं, "सवाल नंबर सहा. कधी सजा झाली होती काय?"

जानराव दंडाच्या पट्टीकडं बघत राहिला.

"अरे बोल ना, बावा."

"आठ वरसं," जानराव म्हणाला. "नागपूरच्या जेलात."

रऊफ खाननं टाक खाली ठेवला. "कायच्यात?"

"माणूस मेला माह्या हातानं."

"एक?"

"एकच."

"मैंने बसरे में ग्यारह मारे," रऊफ खान म्हणाला. "सरकारनं मेडल दिलं. कधीची गोष्ट हाय तुही?"

"बारा वरसं झाली."

"मंग ते मेलं न् गाडलं. मंगरूळच्या ठाण्यात कोण जुने कागद उपसत बसते? लढाईच्या घाईत एक शिपाई गावात जाईन, पाटलाच्या घरी चहा पिईन, 'आदमी नेक' लिहीन न् वापस येईन. लिवू का 'नाही'?"

जानरावच्या डोक्यात त्या घटकेला बरंच काही येऊन गेलं. आपली बायको कस्तुराबाई स्टेशनावरच्या पाण्याच्या टाकीतून घागर भरताना बाकीच्या बाया तिला मुक्याची बायको म्हणतात, हे आलं. साहेब 'याला आत घ्या' म्हणाला, तेव्हा पाठीवर कोणी हात ठेवावा तसं वाटलं होतं, ते आलं. जेलातून सुटल्यापासून चार वर्षांत त्याला कोणीही, कशाच्याही आत घेतलं नव्हतं.

"लिवा," तो म्हणाला, आणि अंगठा दाबला.

खरं तर जानरावला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशीही तो खरं बोलला होता. आसेगावात त्याच्या शेताला लागून नानाजीचं शेत होतं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात नानाजीनं भर बाजारात जानरावच्या म्हाताऱ्या बापाच्या तोंडावर बैल हाकायची पुराणी मारली आणि बापाचा उजवा डोळा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जानराव कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर जाऊन बसला. नानाजी आला. पहिला घाव मानेच्या खाली बसला आणि तो तुरीच्या ओळीत पडला. जानराव तिथंच थांबला असता, तर वकील म्हणत होता, पाच वर्षांवर भागलं असतं. पण तो थांबला नाही. पडलेल्या माणसावर त्यानं आणखी दोन घाव घातले. वकिलानं त्याला शिकवलं होतं, की एकच घाव घातला, बाकीच्या जखमा पडताना कुऱ्हाडीवर आपटून झाल्या, असं सांग. अकोल्याच्या कोर्टात जजनं विचारलं तेव्हा जानराव म्हणाला, "तीन घातले." दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. चांगल्या वागणुकीची माफी मिळून आठ भोगली.

सुटल्यावर तो आसेगावात गेलाच नाही. बाप तोवर मेला होता. मानोऱ्याकडच्या एका विधवेशी, कस्तुराबाईशी, त्यानं पाट लावला. तिला त्यानं इतकंच सांगितलं होतं, की भांडणात एक माणूस मेला आणि आपण सजा भोगून आलो. भांडण म्हटल्यावर तिनंही पुढं विचारलं नाही.

आता तो तारेच्या आत गेला. खाकी बंडी, खांद्यावर बंदूक, कमरेला कोठाराची चावी. मागच्या दारावर दुपारचा पहारा त्याचा. रऊफ खाननं त्याला बंदूक धरायला शिकवली, निशाण शिकवलं. हमाल आता त्याला मुका म्हणेनासे झाले. कस्तुराबाई दुपारी भाकरी घेऊन तारेपाशी यायची आणि बाहेर उभी राहून त्याच्याकडं बघत राहायची. तो चाळीस दिवस सुखात होता, आणि त्या चाळीस दिवसांत एकदाही त्याला नीट झोप लागली नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी गोपीचंद मागच्या दारावर आला. गोपीचंद डेपोचा कारकून. ड्रम मोजून वहीत उतरवणं आणि टपाल उघडणं ही त्याची कामं. कपाळाला रोज ताजं गंध, बोलणं लोण्यासारखं. त्याच्या चालचलनीच्या कागदावर तीन इज्जतदार माणसांच्या सह्या होत्या. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि जानरावच्या नाकापुढं धरला.

"वाचता येते का तुले? नाही येत. मी वाचतो. 'सदर जानराव यास सन एकतीस साली सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दहा वर्षे सक्तमजुरी.' मंगरूळहून काल आला. साहेबाच्या टेबलावर गेला नाही अजून."

जानरावनं बंदुकीचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

"घाबरू नको," गोपीचंद म्हणाला. "जाणारबी नाही. परवा बाजाराचा दिवस हाय. साहेब उद्या अकोल्याले जाते, शुक्रवारी येते. बाजाराच्या दुपारी एक सरकीची गाडी या दारापाशी येईन. तू दार उघडजो न् तोंड फिरवून उभा राहजो. कोठारातून सहा पेट्या जातीन. ते पेट्रोलवाले तीन गाढव माहेच होते, तू त्यांचं वाटोळं केलं. तर हे तू भरून दे."

"दारू कायले पायजे तुले?"

"मले नाही पायजे. ज्याले पायजे तो घेते. कुठं खदान फोडते का तिजोरी, मले काय करायचं?"

जानरावनं बंदूक दाराला टेकवून ठेवली. मग त्यानं गोपीचंदचा गळा धरला आणि त्याचं तोंड रिकाम्या ड्रमच्या काठावर हाणलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी पुढचे दात खळकन पत्र्यावर पडले. गोपीचंद ओरडू शकत नव्हता, घशातून नुसता बुडबुड आवाज येत होता. आवाज ऐकून रऊफ खान कोठारामागून पळत आला आणि त्यानं जानरावला पाठीमागून आवळून ओढलं. ओढायला दोन माणसांची ताकद लागली असती, पण रऊफ खाननं एकट्यानं ते केलं.

गोपीचंद उठला. धोतराच्या सोग्यानं त्यानं तोंड पुसलं आणि लाल तोंडानं हसला. "ड्रम पडला अंगावर," तो रऊफ खानला म्हणाला. "ध्यान देत जा, जमादार." आणि जानरावकडं वळून, "परवा. बाजाराची दुपार."

तो गेल्यावर जानरावनं रऊफ खानला सगळं सांगितलं. रऊफ खान म्हणाला, "साहेब येईपर्यंत काही सांगू नको. परवा आपण दोघंच दारावर राहू. चोर आले की पकडू. गोपीचंदच्या खिशातला कागद काढून घेऊ न् चुलीत टाकू. खेळ खतम."

"नाही," जानराव म्हणाला. "चोर पकडू. पन कागद साहेबाले मीच देतो."

"पागल झाला का? नोकरी जाईन."

"जाऊ द्या. तो कागद हाय तोवर कोनीबी येऊन माह्या गळ्यात दोर घालू शकते. आज गोपीचंद हाय, उद्या दुसरा येईन."

रऊफ खाननं मान हलवली. त्याला पटलं नाही, पण तो हो म्हणाला.

बाजाराच्या दिवशी ऊन असं होतं की तारेला हात लावता येत नव्हता. हमाल बाजारात गेले होते. आतले दोन शिपाई पुढच्या दारावर होते. दुपारी सरकीची गाडी मागच्या वाटेनं आली. गाडीसोबत चौघे होते, आणि गोपीचंद आतून, कोठाराकडून चालत आला. जानरावनं दार उघडलं. गाडी निम्मी आत आली तसा रऊफ खान पेट्यांमागून उठला आणि ओरडला, "हात वर!"

कोणी हात वर केले नाहीत. गाडीवरच्या एकानं सरकीतून कुऱ्हाड उपसली आणि रऊफ खानवर फेकली. ती त्याच्या खांद्यात रुतली. पडता पडता रऊफ खाननं गोळी झाडली आणि तो माणूस गाडीवरून खाली आला, सरकीच्या पोत्यांवर पोटातलं रक्त सांडत. बैल बिथरले. गाडी दाराच्या खांबाला अडकली आणि उलटली. तिच्याखाली दुसऱ्याचा पाय सापडला आणि तो जनावरासारखा हंबरायला लागला.

उरलेले दोघं जानरावच्या अंगावर आले. बंदूक चालवायला जागाच नव्हती. त्यानं तिचा दस्ता एकाच्या जबड्यावर हाणला आणि दस्ता फुटला, जबडाही फुटला. दुसऱ्यानं काठीचा तडाखा त्याच्या गुडघ्यावर दिला. जानराव एका पायावर खाली बसला, हाताला ड्रम उचकटायची सब्बल लागली, आणि बसल्या बसल्याच त्यानं ती आडवी फिरवली. त्या माणसाची नडगी मोडली. तो पडला तसा जानरावनं सब्बलीचं टोक त्याच्या पंजात घातलं आणि त्याला जमिनीला खिळवून टाकलं.

तेव्हा गोपीचंद कोठाराच्या दारात उभा होता. एका हातात त्यानं काडेपेटी धरली होती, दुसऱ्यात काडी. एका पेटीचं झाकण त्यानं उचकटलं होतं आणि दारूची काळी भुकटी उंबऱ्यावर सांडली होती.

"मले जाऊ दे," तो म्हणाला. "नाही तर सगळेच जाऊ. तू, तुहा जमादार, अर्धं कारंजं."

जानराव लंगडत पुढं चालला. गोपीचंदनं काडी ओढली. ती पेटली. जानरावनं झेप घेतली, पेटती काडी त्याच्या मुठीसकट आपल्या मुठीत दाबली आणि दोघंही उंबऱ्याच्या बाहेर मातीत पडले. काडी त्याच्या तळहातात विझली. गोपीचंदनं त्याच्या जुन्या जखमेत, डाव्या दंडात, नखं घातली. जानरावनं त्याचा तो हात कोपरातून उलटा मोडला. गोपीचंदचं सगळं बळ गेलं. तो पाठीवर पडून रडायला लागला.

"बस कर, जानराव. पाया पडतो. बस कर."

जानरावनं जाऊन सब्बल उपसून आणली. गोपीचंद सरपटत मागं गेला. जानरावनं त्याच्या उजव्या मांडीवर घाव घातला आणि हाड मोडलं. मग सब्बल पुन्हा उचलली. ह्या वेळी त्याचे डोळे गोपीचंदच्या गंधावर होते, कपाळाच्या बरोबर मधोमध.

"जानराव!" मागून रऊफ खान ओरडला. "अरे इधर आ! मरतो मी! रक्त थांबत नाही!"

जानरावनं सब्बल टाकली आणि धावत गेला. बंडी काढून त्यानं रऊफ खानच्या खांद्यात कोंबली आणि पुढच्या दारावरचे शिपाई येईपर्यंत ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

शुक्रवारी साहेब परत आला तेव्हा डेपोत फौजदार बसला होता. सरकीच्या गाडीवरचा माणूस मेला होता. गोपीचंद आणि बाकीचे तिघं अकोल्याच्या दवाखान्यात पहाऱ्याखाली होते. साहेबानं जानरावचा हात हातात घेतला आणि जळलेला तळवा पाहिला. "सरकारकडं तुझं नाव कळवतो," तो म्हणाला.

जानरावनं कमरेतून रक्तानं चिकटलेला कागद काढला. गोपीचंदच्या खिशातून काढलेला. "आधी हा वाचा, साहेब."

साहेबानं वाचला. मग आपल्या पेटीतून दुसरा कागद काढला, ज्यावर 'नाही' लिहिलं होतं आणि अंगठा होता. दोन्ही कागद त्यानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग त्यानं फौजदाराला सांगितलं, आसेगावात जा, नीट तपास करा, तेव्हा जो माणूस मेला त्याच्या घरीही विचारा.

तपास व्हायला बारा दिवस लागले. बोलावणं आलं तेव्हा जानरावचा गुडघा अजून सुजलेला होता, म्हणून कस्तुराबाई त्याला धरून घेऊन आली. साहेबानं तिला बाहेर काढलं नाही. ती दाराशी उभी राहिली. रऊफ खानही होता, हात गळ्यात बांधलेला.

"नानाजीची आई अजून आहे," साहेब म्हणाला. "मनकर्णाबाई. तिचा जबाब फौजदारानं तिच्याच बोलीत उतरवला आहे. ऐक."

आणि साहेबानं वाचलं.

"माह्या पोरानं त्याच्या बापाचा डोळा फोडला, हे खरं हाय, लिवा. जानरावनं माह्या पोराले मारलं. पहिला घाव बसला न् तो पडला. पडल्यावर माहा पोरगा 'जानराव, पुरे' असं म्हनला. मी बांधावर होती, मी ऐकलं. त्याच्यावर त्यानं दोन घाव घातले. हे लिवा. कोर्टात वकील म्हने एकच घाव. जानराव म्हने तीन. जजनं इचारलं, काहून? तो म्हने, पहिला बापासाठी, बाकीचे दोन मले मारावं वाटले. हेबी लिवा. मी त्याले माफ केलं नाही न् करनार नाही. पन तो माह्या तोंडावर खोटं बोलला नाही. माह्या पोराच्या मरनाबद्दल त्यानं एक अक्षर खोटं सांगतलं नाही. सरकारले त्याच्यावर भरोसा ठेवायचा का नाही, ते सरकार जाने."

खोलीत माशांचा आवाज येत होता. दाराशी कस्तुराबाईच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"बारा वर्षांपूर्वीचा खून," साहेब म्हणाला, "मी बाजूला ठेवला असता. सजा भोगलीस. जेलचा दाखला चांगला. कोर्टात स्वतःचं नुकसान करून खरं बोललास. असं या कागदावर लिहिलं असतंस, तर मी वर भांडलो असतो. पण तू 'नाही' लिहिलंस. त्या 'नाही'मुळंच गोपीचंदच्या हातात तुझी मान गेली. तू चोरांना सामील झाला नाहीस, ही तुझी ताकद. पण मी ज्याला कोठाराची चावी देतो, त्याच्या मानेवर कोणाचाही हात असता कामा नये."

"बरोबर हाय," जानराव म्हणाला.

"आणि दुसरं. गोपीचंदचा हात मोडल्यावर तो पडला होता. त्याची मांडी का मोडलीस?"

रऊफ खाननं जानरावकडं पाहिलं. त्याच्या नजरेत इतकंच होतं, की सांग, तो उठत होता.

"मारावं वाटलं," जानराव म्हणाला. "जमादारानं हाक मारली नसती तर आनखी मारलं असतं."

साहेबानं मान खाली घातली. "चावी ठेव. बंदूक ठेव. हमाली कर, तारेच्या बाहेर. तिथं तुला कोणी हात लावणार नाही, हे मी बघतो. पण आत नाही." मग त्यानं 'नाही' लिहिलेला कागद बोटानं पुढं सरकवला. "तुला अक्षर येत नाही. हे कोणी लिहिलं?"

"मी सांगतलं तसं लिवलं त्याईनं."

"मी विचारलं, कोणी?"

"मीच लिवलं, साहेब," रऊफ खान पुढं आला. "हा तर सजा सांगून राह्यला होता. मीच म्हटलं, नाही लिवू. याचा गुन्हा अंगठ्याचा. लिवन्याचा माहा."

"खान, गप बसा," जानराव म्हणाला.

"बसरेमें चूप नहीं बैठा, यहाँ क्या बैठूँ?"

संध्याकाळपर्यंत जमादाराची पट्टी रऊफ खानच्या बाहीवरून उतरली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर तो दुसऱ्या सकाळच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला गेला. जानराव त्याला पोचवायला फलाटावर आला. रऊफ खाननं खिडकीतून त्याला एकच सांगितलं, "तू खरा आदमी हाय, पन तुह्या खऱ्यानं लोकाईची लई हड्डी मोडते." आणि तो स्वतःच्याच बोलण्याला हसला. गाडी सुटली.

जानराव स्टेशनावरून परत आला तेव्हा कस्तुराबाई गाठोडं बांधत होती.

"तो पुरे म्हनला होता?" तिनं पाठ न वळवता विचारलं.

"हाव."

"न् तुमाले आयकू आलं?"

"आलं."

तिनं गाठोड्याची गाठ मारली. "हे मले आधी सांगतलं असतं, तर मी पाट लावला नसता तुमच्याशी."

"म्हनून तर नाही सांगतलं."

"मंग इथंबी तुमी तेच केलं," ती म्हणाली. "साहेबाच्या कागदावर केलं, तेच माह्यासंगं केलं. मले दार उघडून आत घेतलं न् चावी नाही दिली."

ती गाठोडं डोक्यावर घेऊन मानोऱ्याच्या वाटेला लागली. त्यानं तिला अडवलं नाही. दुपारी गाडी आली तेव्हा तो फळ्यांवर ड्रम गडगडवत होता, एका पायानं लंगडत. तारेच्या आत नवीन चौकीदार आला होता, अमरावतीकडचा, चालचलनीचा कोरा कागद घेऊन आलेला. जानरावनं ड्रम दारापर्यंत नेला आणि हात काढून घेतला.

आषाढ गेला, श्रावण गेला. गोपीचंदला चार वर्षांची सजा झाली, त्याचा हात पुढं कधी सरळ झाला नाही. जानराव साक्षीला अकोल्याला जाऊन आला, आणि साक्षीत मांडीचा घावही सांगून आला. गोपीचंदच्या वकिलानं त्याच्या अंगावर बोट रोखून विचारलं, "तू खुनी आहेस की नाही?" जानराव म्हणाला, "हाव, हाय." त्यावर वकील खाली बसला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावरून खोपटात आला, तर चुलीतून धूर निघत होता. कस्तुराबाई पाट्यावर मिरची वाटत होती. गाठोडं कोपऱ्यात होतं, सोडलेलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला.

"आनखी काही हाय का? जे मले दुसऱ्याच्या तोंडून कळन?"

जानरावनं जळालेल्या तळहातावरची कातडी अंगठ्यानं घासली. बाहेर हमालांचा गलका चालला होता.

"हाय," तो म्हणाला.

"मंग सांगा. मी ठरवीन राहायचं का जायचं."

"जेलात मले कैद्याईवर वॉर्डर केलं होतं. आखरीच्या दोन वरसात. तिथं एक कैदी होता, भाकर चोरत होता. त्याले मी..." तो थांबला. घोटभर पाणी प्याला. "त्याले मी कोठडीत नेलं न् दार लावून घेतलं."

कस्तुराबाईनं वरवंटा बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि उरलेलं ऐकायला त्याच्या समोर मांडी घालून बसली.